हौशी वाहनबांधणीसाठी कोणते कॅड? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी इंदूरच्या सुदामानगरात राहतो. एका औषधनिर्माण कारखान्यात यंत्रदेखभालीचे काम करून नुकताच निवृत्त झालो आहे. महूजवळ आमची थोडी शेती आहे आणि तेथल्या कच्च्या वाटांवर चालवण्यापुरती, दोन आसनांची, नळ्यांच्या सांगाड्याची बग्गी बांधावी अशी फार दिवसांची इच्छा आहे. त्यासाठी मारुती ८०० चे इंजिन आणि गिअरबॉक्स मिळवून ठेवले आहेत. ड्रॉइंग बोर्डवर मी पुष्कळ काम केले, परंतु संगणकावर त्रिमितीय आरेखन कधी केलेले नाही. भाचा 'फ्यूजन शिका' म्हणतो, सांवेर रस्त्यावरचे लेसर कटिंगवाले 'ऑटोकॅडची फाइल आणा' म्हणतात, आणि एका मित्राने फ्रीकॅडचे नाव सुचवले आहे. लॅपटॉप सात वर्षांचा जुना, आठ जीबी रॅमचा आहे. एकदा पैसे खर्च करण्याची तयारी आहे, पण दरवर्षी भाडे भरण्याची नाही. मी काय शिकावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी वाक्य मला लेसर कटिंगवाल्यांचे वाटले, कारण कॅडची, म्हणजे संगणकावरील आरेखनाच्या सॉफ्टवेअरची, निवड जेथून सुरू व्हायला हवी ते टोक त्यांच्या हाती आहे. फ्यूजन चांगले की फ्रीकॅड, हा वाद नुसता पडद्याकडे पाहून घातला तर कधीच मिटत नाही. पडद्यावरून बाहेर पडणारी वस्तू कोणाच्या हातात जाणार, त्याला ती कोणत्या रूपात हवी, आणि चार वर्षांनी एखादी प्लेट तुटली तर तीच फाइल आपल्याला पुन्हा उघडता येईल का, एवढे विचारले म्हणजे निम्मी नावे आपोआप गळतात.

'ऑटोकॅडची फाइल' म्हणजे कारखान्याच्या बोलीत बहुधा 'डीएक्सएफ फाइल' एवढेच असते. रेखाचित्र एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचे हे रूप ऑटोडेस्क कंपनीने १९८२ मध्ये ऑटोकॅडबरोबर आणले, आणि आज आपण ज्या सॉफ्टवेअरांचा विचार करीत आहात त्यांतील जवळजवळ प्रत्येकातून ते काढता येते. तेव्हा केवळ लेसरसाठी ऑटोकॅडचे वार्षिक भाडे भरण्याचे काही कारण नाही. फाइल कोठून आली यापेक्षा ती स्वच्छ आहे का, याला महत्त्व आहे : बाह्यरेषा पूर्ण बंद असावी, एकावर एक दोन रेषा पडलेल्या नसाव्यात, चौकट, शीर्षक आणि मितीरेषा काढून टाकलेल्या असाव्यात. लेसरने कापताना जी बारीक भेग जाते तिची भरपाई यंत्र चालवणारा करतो. ती आपण रेखाचित्रात धरू नये, नाहीतर दोनदा धरली जाते. डीएक्सएफमध्ये एकक कित्येकदा लिहिलेलेच नसते आणि मिलिमीटरमधील चित्र इंचांत उघडले तर ते २५.४ पट होते. एवढी मोठी चूक कोणाच्याही लक्षात येते. पण ती दुरुस्त करताना यंत्रावरचा माणूस अंदाजाने प्रमाण बदलतो आणि खरा घोटाळा तेथे होतो. म्हणून फाइलसोबतच्या निरोपात प्रत्येक प्लेटची मोठ्यात मोठी लांबी मिलिमीटरमध्ये लिहून पाठवावी. कोणी तपासणीसाठी फाइलच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा चौकोन काढून ठेवण्याचा सल्ला देतात. मी तो मानला आणि पाच मिलिमीटर जाडीचा एक सुबक, निरुपयोगी चौकोन पैसे देऊन घरी आणला.

आपल्या बग्गीत प्लेटा मात्र दुय्यम आहेत. मुख्य वस्तू नळी आहे आणि नळीच्या बाबतीत सॉफ्टवेअरकडून आपल्याला चित्रापेक्षा यादी हवी असते : प्रत्येक नळीची कापण्याची लांबी, वाक कोठे, किती अंशांचा आणि कोणत्या दिशेला. ही यादी हाताने करताना नवखा माणूस कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची अंतरे सरळ बेरजेत धरतो. वाकाची मध्यरेषेवरील त्रिज्या ९० मिलिमीटर असेल तर काटकोनाच्या एका वाकात कोपऱ्याच्या दोन बाजू मिळून १८० मिलिमीटर भरतात, परंतु नळी प्रत्यक्षात कमानीवरून जाते आणि ती कमान १४१.४ मिलिमीटरचीच असते. एका वाकामागे सुमारे ३८.६ मिलिमीटर जास्त नळी कापली जाते. चार वाकांच्या कमानीत ही चूक १५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. मध्यरेषा त्रिमितीत काढून कोपऱ्यांना त्रिज्या दिली की कोणतेही बरे कॅड ही लांबी अचूक सांगते. मात्र त्रिज्या आपण ठरवायची नसते. ती बेंडिंगवाल्याच्या डायवर, म्हणजे नळी वाकवण्याच्या साच्यावर, कोरलेली असते, म्हणून आरेखनाला बसण्यापूर्वी त्याच्याकडे एक चक्कर मारून त्याच्याजवळ कोणत्या व्यासासाठी कोणत्या त्रिज्येची डाय आहे ते वहीत लिहून आणावे. वाकवल्यानंतर नळी थोडी परत फिरते. ती किती फिरते हे त्याचा हात जाणतो, सॉफ्टवेअर जाणत नाही.

नळीचे नाव लिहितानाही सावध राहावे. इंदूरच्या लोहामंडीतच काय, कोठल्याही बाजारात 'एक इंच पाइप' मागितला तर दुकानदार पाण्याच्या पाइपाचा नाममात्र बोअर, म्हणजे आतील व्यासाचे ढोबळ माप, धरून माल काढू शकतो. आयएस १२३९ या भारतीय मानकानुसार २५ मिलिमीटर नाममात्र बोअरच्या पाइपाचा बाहेरील व्यास ३३.७ मिलिमीटर असतो, आणि आपल्या संगणकावरील सांगाडा २५.४ मिलिमीटरच्या नळीने बांधलेला असतो. माझ्या पहिल्या ट्रॉलीच्या वेळी अशीच फसगत झाली. दोष दुकानदाराचा नव्हता, कागदावर मीच तेवढे दोन शब्द लिहिले होते. तेव्हापासून बाहेरील व्यास आणि भिंतीची जाडी या दोन्ही मिती मिलिमीटरमध्ये लिहिल्याशिवाय मी यादी कोणाला देत नाही.

जाडीबद्दलही दोन शब्द. कच्च्या वाटांवरची वाहने बांधण्याच्या विद्यार्थ्यांच्या बाहा स्पर्धेच्या नियमांत मुख्य सुरक्षा-सांगाड्यासाठी किमान ०.१८ टक्के कार्बन असलेल्या पोलादाची, सुमारे २५ मिलिमीटर बाहेरील व्यासाची आणि ३ मिलिमीटर भिंतीची नळी ही मूळ कसोटी मानलेली आहे. दुसरी नळी वापरायची तर ती वाकण्याला तितकीच ताठ आणि मजबूत असल्याचे गणिताने दाखवावे लागते. आपली बग्गी स्पर्धेत उतरणार नसली तरी डोक्यावरच्या कमानीसाठी हीच कसोटी धरावी. २५.४ मिलिमीटर व्यासाची नळी दोन मिलिमीटर जाडीत मीटरला सुमारे १.१५ किलो भरते आणि तीन मिलिमीटर जाडीत १.६६ किलो. चोवीस मीटर नळीत हा फरक बारा किलोंचा होतो. तेवढे वजन मी कमानीत कधीही वाचवणार नाही, आसनाखालच्या आडव्या पट्ट्यांत खुशाल वाचवीन; आणि कोठे किती वाचते ते कॅडमधील लांबीची बेरीज आपल्याला एका क्षणात दाखवते.

आता सॉफ्टवेअरांकडे वळू. भाच्याने सुचवलेले फ्यूजन शिकायला सोपे आणि दिसायला नीटस आहे, यात वाद नाही. ऑटोडेस्क ते वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी विनामूल्य देते. एका वेळी संपादन करता येतील अशा फायली दहाच, आणि ताणाचे विश्लेषण त्यात नाही. दहाची मर्यादा दिसते तितकी जाचक नाही, कारण जुन्या फायली 'फक्त वाचण्यासाठी' ठेवून नव्यांना जागा करता येते. माझी हरकत वेगळी आहे. फायली मुळात कंपनीच्या सर्व्हरवर राहतात, आणि विनामूल्य वापराच्या अटी कंपनी बदलू शकते. २०२० च्या सप्टेंबरमध्ये तिने त्या बदलल्याही. दुसऱ्या सॉफ्टवेअरांना समजेल अशा 'स्टेप' रूपात फाइल बाहेर काढण्याची सोय विनामूल्य वापरकर्त्यांसाठी बंद करण्याचे जाहीर झाले होते. वापरकर्त्यांनी ओरड केल्यावर ती तेवढी कायम राहिली, इतर काही सोयी गेल्या. देणाऱ्याने दिलेले कमी करावे यात अन्याय नाही, पण आपली बग्गी दोन-तीन वर्षे चालणारे काम आहे आणि आपल्याला भाडे नको आहे, हे येथे विसरता येत नाही.

ऑनशेप हे पूर्णपणे ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे जुना लॅपटॉप ही अडचण बरीच कमी होते, आणि नळ्यांच्या सांगाड्यासाठी त्यात स्वतंत्र साधनही आहे : मध्यरेषा निवडा, नळीचा छेद निवडा, कोपरे कसे जुळवायचे ते सांगा, कापण्याची यादी तयार. विनामूल्य खात्यात आपले आरेखन मात्र सर्वांना पाहण्यास खुले राहते. शेतातील बग्गीत लपवण्यासारखे काय असणार, असे आपण म्हणाल तर मी वाद घालणार नाही. इंटरनेट भरवशाचे असेल तर आपल्यासाठी हा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय आहे. सीमेन्सची सॉलिड एज कम्युनिटी आवृत्ती विनामूल्य असून संगणकावरच बसते आणि ताकदीची आहे; ती केवळ विंडोजवर चालते आणि तिच्या फायली व्यावसायिक आवृत्तीत उघडत नाहीत, पण हौशी माणसाला दुसऱ्या गोष्टीची झळ सहसा लागत नाही. स्केचअप खोली किंवा लाकडी कपाट मांडण्यासाठी सुरेख आहे. त्यातील वर्तुळ हे मुळात अनेक सरळ तुकड्यांचे बनलेले असते, आणि जेथे बेअरिंगचे छिद्र कापायचे तेथे ते नको.

मी आपल्याला फ्रीकॅड सुचवतो. ते मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, परवान्याची मुदत किंवा उत्पन्नाची मर्यादा नाही, आणि फाइल आपल्याच डिस्कवर राहते. २००२ पासून ते वाढत आले असले तरी १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. त्याआधी त्याची एक जुनी खोड होती : आरंभीच्या स्केचमध्ये एखादी रेषा बदलली की सॉफ्टवेअर आतल्या पृष्ठांना व कडांना नवी नावे देई आणि पुढची छिद्रे, गोलाई भलत्याच कडेला जाऊन बसत. १.० मध्ये ही खोड बरीच आटोक्यात आली आणि भाग एकत्र जोडण्यासाठी स्वतंत्र असेंब्ली विभागही आला. म्हणून जुन्या आवृत्त्यांविषयीच्या तक्रारी वाचून घाबरू नये, आणि जुन्या आवृत्तीच्या शिकवण्याही शक्यतो टाळाव्यात. आपला लॅपटॉप विंडोज १० वर अडकलेला असेल तर त्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे. त्यावर लिनक्स बसवले तरी फ्रीकॅड चालेल, फ्यूजन चालणार नाही. आठ जीबीत संपूर्ण बग्गी प्रत्येक नटबोल्टासह उभी करू नका, एवढीच अट.

बोर्डावर काम केलेल्या माणसाला फ्रीकॅडमध्ये पहिला आठवडा परका वाटतो, याची कल्पना असू द्यावी. बोर्डावर आपण मोजून रेषा ओढतो. येथे रेषा कशीही ओढायची आणि मग तिला बंधने घालायची : ही आडवी, ही त्या रेषेला समांतर, ही ४२० मिलिमीटर. बंधने पुरी झाली की स्केचचा रंग बदलतो. उलट बाजूने सुरुवात करण्याची ही सवय एकदा अंगवळणी पडली म्हणजे तिचा मोठा लाभ आपल्या सस्पेन्शनला होतो, आणि माझ्या मते आपण कॅड शिकण्याचे खरे कारण तेच असावे.

एक कोरे सपाट स्केच घ्या. समोरून दिसणारे दोन विशबोन (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या वरच्या आणि खालच्या दांड्या), त्यांना जोडणारी उभी कडी आणि चाक, एवढेच रेषांनी काढा. सांगाड्यावरचे दोन बिंदू पक्के करा, दांड्यांच्या लांब्या पक्क्या करा आणि एकच मिती मोकळी ठेवा : चाकाच्या मध्याची उंची. ती मिती ६० मिलिमीटरने वर, मग ६० मिलिमीटरने खाली बदला आणि चाक उभ्या रेषेपासून किती अंश कलते ते संदर्भ-मिती म्हणून वाचा. वरची दांडी थोडी आखूड करा, पुन्हा वाचा. बोर्डावर ज्याला प्रत्येक स्थितीसाठी नवे चित्र काढावे लागे ते येथे एका संध्याकाळी वीसदा होते. याच रीतीने मागची ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाकाला फिरवणारा दांडा, काढून चाक अगदी वर व अगदी खाली असताना तिची लांबी आणि सांध्यातील कोन किती बदलतो तेही पाहावे. मारुती ८०० चे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच गठ्ठ्यात पुढच्या चाकांसाठी असल्यामुळे हौशी बांधणारे तो गठ्ठा जसाच्या तसा आसनामागे बसवतात. तेव्हा शाफ्टचा कोन हा अडचणीचा पहिला मुद्दा ठरतो आणि आतला सांधा सरकण्याला मर्यादा असते.

स्टिअरिंगसाठीही असेच एक स्केच पुरते, वरून पाहिलेले. वळताना आतील चाक बाहेरच्यापेक्षा जास्त फिरले पाहिजे. दोन किंगपिनांमधील, म्हणजे पुढची चाके ज्या खिळ्यांभोवती वळतात त्यांच्यातील, अंतर ११५० आणि पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर १९०० मिलिमीटर धरले, तर आतील चाक ३० अंश फिरले असता बाहेरचे सुमारे २३.२ अंश फिरायला हवे. टाय रॉडचे, म्हणजे चाके वळवणाऱ्या दांडीचे, टोक कोठे ठेवले म्हणजे आपण या आकड्याच्या जवळ पोहोचतो, ते टोक सरकवून पाहावे. ही तिन्ही स्केचे आधी करावीत आणि सांगाडा नंतर, कारण सांगाडा या बिंदूंना धरून उभा राहतो. पुष्कळांचे उलट होते. देखणा सांगाडा तयार असतो आणि विशबोन लावायला जागा नसते.

इंजिनाचे हुबेहूब चित्र करण्यात वेळ घालवू नये. टेप आणि व्हर्निअर घेऊन माउंटिंगची छिद्रे, शाफ्टची मध्यरेषा, पुली व एअर क्लीनरची टोके मोजावीत आणि त्या मापांचा एक साधा खोका सॉफ्टवेअरमध्ये ठेवावा. सोबत गिअर लिव्हरला, पाना फिरवायला आणि इंजिन बाहेर काढायला लागणारी जागा म्हणून एक मोठा खोका. माणसाच्या बाबतीत मी पडद्यावर विश्वास ठेवत नाही. स्वस्त पीव्हीसी पाइपाचा पूर्ण मापाचा सांगाडा अंगणात बांधून, हेल्मेट घालून त्यात एकदा बसून पाहावे.

फ्रीकॅडमध्ये ताणाचे विश्लेषण करण्याचीही सोय आहे. रंगीत चित्र येते, निळे-हिरवे दिसले की मन निर्धास्त होते. परंतु भार कोठे आणि किती, हे आपणच कल्पनेने भरलेले असते, आणि वेल्ड नीट बसली नाही तर चित्रातला निळा रंग तिला सांभाळणार नाही. दोन रचनांपैकी कोणती अधिक ताठ, एवढ्या तुलनेसाठी ते वापरावे.

आपण बग्गी शेतापुरती म्हटली आहे, ते योग्यच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि केंद्रीय नियमांतील नियम १२६ प्रमाणे नव्या वाहनाचा नमुना मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. तेव्हा महूपर्यंत बग्गी न्यायची झाली तर ती दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावी.

प्रश्न : मी इंदूरमध्ये यांत्रिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालयाच्या संघात गो-कार्टचा सांगाडा मी सॉलिडवर्क्समध्ये केला. परवाना महाविद्यालयाचा आहे आणि परीक्षेनंतर तो राहणार नाही. आम्ही तिघी मैत्रिणी घरच्या गॅरेजमध्ये दुसरी कार्ट बांधणार आहोत आणि जमले तर पुढे दोन-चार बनवून विकण्याचाही विचार आहे. माझ्या फायलींचे काय होईल?

उत्तर : परवाना जिवंत असेपर्यंत दोन कामे उरकून घ्या. प्रत्येक भागाची आणि पूर्ण जोडणीची 'स्टेप' प्रत काढा, आणि प्रत्येक रेखाचित्राची पीडीएफ. स्टेप हे आयएसओ १०३०३ या आंतरराष्ट्रीय मानकातील रूप असून जवळजवळ सर्व त्रिमितीय सॉफ्टवेअरे ते वाचतात. त्यात आकार अचूक जातो, पण तो आकार तुम्ही कोणत्या क्रमाने घडवला तो इतिहास मागे राहतो; नळीची त्रिज्या बदलायची म्हटली तर आकडा बदलून चालत नाही, पुन्हा घडवावे लागते. म्हणून मुख्य मिती, म्हणजे आसांमधील अंतर, किंगपिनांचे कोन, बेअरिंगांची मापे, एका तक्त्यात वेगळ्या लिहून ठेवा. हा तक्ता पुढे फ्रीकॅडच्या स्प्रेडशीटमध्ये भरून स्केचेस त्याला जोडता येतात. सॉलिडवर्क्सची मूळ फाइलही जपा, मात्र नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही, तेव्हा आवृत्तीचे साल फाइलच्या नावातच लिहा.

सॉलिडवर्क्सची हौशी लोकांसाठी 'मेकर्स' नावाची आवृत्ती आहे आणि सवयीचा हात पाहता तिचा मोह होणे साहजिक आहे. नळ्यांच्या वेल्डमेंटचे, म्हणजे वेल्ड करून जोडायच्या सांगाड्याचे, तिचे साधन खरोखर उत्तम आहे. पण तिच्या फायलींवर अदृश्य खूण असते आणि त्या व्यावसायिक आवृत्तीत उघडत नाहीत. शिवाय अशा कामातून होणाऱ्या उत्पन्नावर मर्यादा आहे. तुमच्या पत्रातील 'विकण्याचाही विचार आहे' हे अर्धे वाक्य येथे निर्णायक ठरते. फ्यूजनचा वैयक्तिक परवाना, ऑनशेपचे विनामूल्य खाते आणि सॉलिड एज कम्युनिटी, हे सारे बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहेत. पहिली कार्ट विकली की त्यांचा आधार सुटतो, आणि तोवर तुमचे सारे आरेखन त्यांच्यात अडकलेले असते. विकण्याची शक्यता दहा टक्के असली तरी सुरुवात फ्रीकॅडमध्ये करा, किंवा तिघींनी वर्गणी काढून एखादा व्यावसायिक परवाना घ्या. दुसरा मार्ग खर्चाचा असला तरी प्रामाणिक आहे. तिसरा मार्ग, म्हणजे कोणाकडून तरी 'क्रॅक' केलेली प्रत आणण्याचा, तुम्हाला ठाऊक असेलच. त्याबद्दल या सदरात विचारू नये.

प्रश्न : पोलोग्राउंड भागात माझे वेल्डिंग-फॅब्रिकेशनचे छोटे दुकान आहे, तीस वर्षे झाली. हल्ली मुले लॅपटॉपवर गोल फिरणारे रंगीत चित्र घेऊन येतात आणि 'काका, असे बनवा' म्हणतात. मी जमिनीवर खडूने पूर्ण मापात आखून सांगाडे केले आहेत आणि ते आजही चालत आहेत. या कॅडची मला गरज आहे का, आणि मुलांकडून मी काय मागावे?

उत्तर : आपल्याला शिकण्याची गरज नाही, मागण्याची मात्र आहे. खडूची आखणी ही नळीच्या कामात आजही सर्वांत भरवशाची रीत आहे, कारण नळी तिच्यावर ठेवून पाहता येते. फिरणाऱ्या चित्रावरून काम घेऊ नका. त्यात मापे नसतात आणि चूक झाली तर ती आपल्या नावावर जाते.

मुलांना सांगा की प्रत्येक नळीचा वेगळा कागद हवा. त्यावर नळीचा क्रमांक, बाहेरील व्यास, भिंतीची जाडी, कापण्याची सरळ लांबी, एका टोकापासून प्रत्येक वाक सुरू होतो तेथपर्यंतचे अंतर, वाकाचा कोन आणि आधीच्या वाकाच्या तुलनेत नळी किती अंश फिरवायची, एवढे असावे. शेवटची गोष्ट बहुतेक मुले विसरतात आणि मग कमान एका पातळीत येत नाही. यासाठी बेंडटेकसारखी खास सॉफ्टवेअरे मिळतात, पण एकदोन वाहनांसाठी ती घेण्याचे कारण नाही. साध्या कॅडमधून मापे काढून हा तक्ता हाताने लिहिता येतो.

दोन नळ्या जेथे मिळतात तेथल्या माशाच्या तोंडासारख्या कापासाठी कागदी साचा मागा. नळीभोवती गुंडाळायचा, कडेने खूण करायची आणि ग्राइंडर लावायचा. २५.४ मिलिमीटरच्या दोन नळ्या काटकोनात मिळत असतील तर साच्याची रुंदी ७९.८ मिलिमीटर आणि सर्वांत खोल जागी कापाची खोली १२.७ मिलिमीटर असते. छापताना प्रिंटर चित्र पानात मावावे म्हणून गुपचूप लहान करतो, म्हणून साचा आला की आधी त्याची रुंदी पट्टीने मोजा. ती ७७ भरली तर मुलांना परत पाठवा आणि प्रिंटरमध्ये शंभर टक्के प्रमाण ठेवून पुन्हा छापून आणायला सांगा.

पत्रा वाकवायचा असेल तर वाकाची भर कोणी धरली आहे ते विचारा. दोन मिलिमीटरचा पत्रा तीन मिलिमीटर आतील त्रिज्येने काटकोनात वाकवला, तर वाकात सुमारे सहा मिलिमीटर पत्रा जातो. तो आकडा सॉफ्टवेअर 'के-फॅक्टर' या एका गुणकावरून काढते, आणि तो गुणक आपल्या प्रेसवर बरोबर येईलच असे नाही. त्याच पत्र्याचा १०० मिलिमीटरचा एक तुकडा वाकवून दोन्ही बाजू मोजा आणि मापे मुलांना द्या. गुणक ती सुधारून घेतील.

मापांच्या बाबतीत एक समजूत आधीच करून घ्या. आपण 'दोन सूत' म्हणता तेव्हा आपल्या मनात पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर असते. मुलगा सहा मिलिमीटरची प्लेट काढून आलेला असतो. सोळा गेजचा पत्राही त्याच्या फाइलमध्ये नेमका दीड मिलिमीटर असतो आणि आपल्या रॅकवर १.६ च्या आसपास. खाचेत जीभ बसवून जोडण्याच्या लेसर-कापलेल्या प्लेटांमध्ये एवढ्याने काम अडते. तेव्हा आपल्याकडचा माल व्हर्निअरने मोजून तो आकडा मुलाला फोनवर सांगा आणि खाच त्याहून पाव मिलिमीटर मोठी ठेवायला लावा. फाइल लेसरकडे जाण्यापूर्वी.